नुसत्या तणसावर हेला भरत नाही: नागपूर जिल्ह्याच्या पशुसंवर्धन विभागाला खुले पत्र

प्रति,
पशुसंवर्धन विभाग, नागपूर जिल्हा
प्रत माहितीसाठी: कळमना बाजार समिती आणि जिल्ह्यातील डाळमिल, राईसमिल, जिनिंग व संत्रा प्रक्रिया चालक

महोदय,

सोयाबीन हडंब्यातून, म्हणजे मळणीयंत्रातून, निघाले की उमरेड, कुही, हिंगणा भागात बांधाबांधावर कुटाराचे, म्हणजे मळणीनंतरच्या काड्या-टरफलांचे, ढीग पडतात. त्यानंतर मौदा, रामटेक, पारशिवनीत धानाची तणस (पेंढा) निघते. काटोल-नरखेडकडे आंबिया बहाराची गळ आणि छाटणीतला संत्रा झाडाखाली कुजत असतो. पौषात तुरीचे कुटार, फाल्गुनात हरभऱ्याचे. यातले थोडे गंजीत जाते आणि पुष्कळसे पेटते. त्याच गावांत म्हशीचे रेडकू मात्र पाठ बुडून, पोट सुटून दावणीला उभे असते, कारण वगारीला उद्याची म्हैस म्हणून घोटभर दूध मिळते आणि रेडकाला तेवढेही मिळत नाही.

मांसासाठी हेले, म्हणजे मोठे झालेले रेडे, वाढवणे हा या राज्यात कायद्याने मोकळा धंदा आहे. २०१५ मध्ये लागू झालेली बंदी गाय, बैल आणि वळूपुरती आहे. म्हैसवर्ग तिच्या बाहेर आहे, त्याला ठरलेली तपासणी आणि प्रमाणपत्र लागते. मासळी सोडली तर देशातून निर्यात होणाऱ्या पशुजन्य मालात म्हशीचे मांस सर्वांत वरच्या क्रमांकावर आहे. असे असूनही आपल्याकडे हेला मुद्दाम वाढवला जात नाही, तो जगलाच तर विकला जातो. आमचे म्हणणे एकच आहे. शेतमालाच्या मागे उरणारा हा माल विभागाने पशुखाद्य म्हणून मोजावा, तपासावा, आणि त्यावरची प्रक्रिया हंगाम सुरू होण्याआधी गावात दाखवावी. चाराबियाणे आणि कडबाकुट्टीवर अनुदान मिळते, ते मिळत राहावे. पण कुट्टी केल्याने तणसातले नत्र, म्हणजे प्रथिने, वाढत नाही.

आधी हिशेब मांडतो. जन्मताना रेडकू साधारण ३० किलोचे असते. दिवसाला ५०० ग्रॅम वाढ मिळाली तर ३०० किलोला पोहोचायला ५४० दिवस, म्हणजे दीड वर्ष लागते. २५० ग्रॅमच वाढ मिळाली तर १०८० दिवस, म्हणजे तीन वर्षे. जास्तीचे दीड वर्ष ते जनावर रोज खाते, पाणी पिते, जागा अडवते, आणि त्या खाण्यातला बराचसा भाग फक्त जिवंत राहण्यात जातो. ५०० ग्रॅमची वाढ आपल्या नागपुरी किंवा गावठी म्हशीच्या रेडकाला अवघड नाही, फक्त नुसत्या तणसावर ती कधीच येत नाही.

तणस भरपूर मिळते आणि तिच्याबद्दलचा गैरसमजही तेवढाच मोठा आहे. धानाच्या तणसात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के असतात. कोठीपोटातले (रवंथाच्या पहिल्या, मोठ्या पोटातले) जंतू काम करायला लागायचे तर चाऱ्यात निदान ७ टक्के प्रथिने हवीत. त्याखाली जंतू उपाशी राहतात, चारा पोटातून पुढे सरकत नाही, आणि पोट भरलेले असूनही जनावर वाळत जाते. शिवाय तणसात सिलिका जास्त असते आणि ऑक्झलेट असते, ते कॅल्शियम बांधून ठेवते. यावरचा उपाय पन्नासेक वर्षांपासून माहीत आहे: युरियाची प्रक्रिया. आम्ही ती इथे पुन्हा सविस्तर लिहितो, कारण चुका नेमक्या बारकाव्यांत होतात.

१०० किलो कोरड्या तणसाला ४ किलो युरिया आणि ५० लिटर पाणी. ४५ किलोच्या एका गोणीत साधारण ११ क्विंटल तणस होते. युरिया पाण्यात पूर्ण विरघळू द्यावा, तळाशी खडा राहता कामा नये. पक्क्या जमिनीवर किंवा ताडपत्रीवर तणसाचा थर पसरायचा, झारीने पाणी सारखे शिंपडायचे, चारी बाजूंनी तुडवायचे, मग वरचा थर. कोपरे दाबायला माणसे विसरतात आणि बुरशी तिथूनच सुरू होते. ढीग पूर्ण झाला की जाड प्लास्टिकने झाकून कडा मातीने लिंपायच्या. कडाक्याच्या थंडीत ४ आठवडे, एरवी ३ आठवडे आणि मे महिन्याच्या उन्हात २ आठवडे पुरतात. उघडल्यावर तणस सोनेरी-तपकिरी दिसावी, हाताला मऊ लागावी आणि नाकात झोंबावी. वास येत नसेल तर प्लास्टिक कुठेतरी फाटले होते. काळी-पांढरी बुरशी दिसली तर पाणी जास्त झाले किंवा तणसच आधी ओली होती. रोज लागेल तेवढीच एका बाजूने काढायची, रात्रभर उघड्यावर पसरून युरियापासून झालेला अमोनिया उडू द्यायचा आणि सकाळी घालायची. पहिले आठ-दहा दिवस साध्या तणसात मिसळून सवय लावावी. प्रक्रियेनंतर प्रथिने ७ ते ८ टक्क्यांपर्यंत जातात आणि जनावर खातेही जास्त.

तीन गोष्टी कधीच करू नयेत. एक, सहा महिन्यांच्या आतल्या रेडकाला ही तणस घालू नये, त्याचे कोठीपोट तयार झालेले नसते. दोन, प्रक्रिया करताना युरियाच्या पाण्यात गूळ किंवा मळी घालू नये आणि हिरवट, पानाळ गवतावर ही प्रक्रिया करू नये. साखर आणि अमोनिया गरम ढिगात एकत्र आले की त्यातून मेंदूवर परिणाम करणारे द्रव्य तयार होते, आणि जनावर अचानक बिथरून भिंतीला धडका देते. तीन, आणि सोयाबीनच्या या पट्ट्यात ही सगळ्यांत महत्त्वाची: युरिया घातलेल्या खुराकात कच्चे सोयाबीन भरडून मिसळू नये. कच्च्या सोयाबीनमधले युरिएज युरियाचा काही मिनिटांत अमोनिया करते. पोट फुगणे, तोंडाला फेस, अंग थरथरणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. त्या वेळी मोठ्या जनावराला भरपूर थंड पाणी आणि त्यासोबत २ ते ४ लिटर व्हिनेगर नळीने पोटात द्यावे लागते. हे काम पशुवैद्यकाचे. पण व्हिनेगरच्या बाटल्या गोठ्यात हाताशी असाव्यात, कारण वेळ फार कमी मिळतो.

तणसाचा दुसरा धोका डेगनाला रोगाचा. कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला आणि ओली तणस तशीच गंजीला लावली, की तिच्यावर फ्युजेरियमसारख्या बुरशा वाढतात. ती तणस म्हैसवर्गाने थंडीत खाल्ली की शेपटीचे टोक, कान आणि खुरांवरची कातडी सुजते, काळी पडते आणि झडते. गायी-बैलांपेक्षा म्हशींना हा रोग जास्त होतो. अशी जनावरे पाहिली की लोक चावा किंवा इजा समजून हळद लावतात आणि गव्हाणीत तीच तणस चालू राहते. पहिला उपचार म्हणजे ती गंजी बंद करणे. अवकाळीचा अंदाज आला की पुढच्या दोन आठवड्यांत धानाच्या तालुक्यांत विभागाने हा एकच निरोप गावोगाव पोहोचवला तरी पुष्कळ जनावरे वाचतील.

कुटाराचे गणित वेगळे आहे. तुरीचे कुटार, म्हणजे शेंगांची टरफले आणि पाला, तणसापेक्षा कितीतरी सरस आहे, त्यात ८ ते १० टक्के प्रथिने मिळतात. काड्यांचे प्रमाण वाढले की हा आकडा खाली येतो, म्हणून तुरीचे कुटार चाळूनच घ्यावे. सोयाबीनचे आणि हरभऱ्याचे कुटार ५ ते ६ टक्क्यांच्या आसपास राहते. सोयाबीनची काडी लाकडासारखी असते, तिच्या टोकांनी तोंडात जखमा होतात. टरफल वेगळे करून घातले तर जनावर आवडीने खाते. हडंब्यासमोरच्या ढिगात माती, दगड आणि कधी तारेचे तुकडे जातात. तार गिळली की जाळीपोट भोसकते आणि हृदयापर्यंत पोहोचते. हेला हळूहळू खाणे सोडतो आणि मालकाला कारण कळत नाही. कुटार गव्हाणीत टाकण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

आता संत्रा. प्रतवारीत बाद झालेली फळे, गळ, आणि रस काढल्यावर उरणारी साल-चोथा. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात २०२५ मध्ये संत्रा प्रक्रियेचा मोठा प्रकल्प सुरू झाला, त्यामुळे हा माल आता एका ठिकाणी, रोजच्या रोज निघेल. चोथ्यात पेक्टिन भरपूर असते. ते कोठीपोटात पटकन पचते, आणि धान्याच्या पिठासारखी धोकादायक आम्लता करत नाही. उणीव प्रथिनांची आहे, ती ६-७ टक्केच. दुसरी अडचण पाण्याची. ओल्या चोथ्यात ८० टक्क्यांहून जास्त पाणी असते, म्हणजे ३ टनांची ट्रॉली आणली तर कोरडा खुराक जेमतेम ५०० ते ६०० किलो. तीस-चाळीस किलोमीटरवरून हा माल आणणे बहुधा परवडत नाही. आणि तो दोन-तीन दिवसांत निळ्या-हिरव्या बुरशीने भरतो.

म्हणून तो मुरवून ठेवावा, म्हणजे त्याचा मुरघास करावा. ७० किलो चोथ्यात ३० किलो कुट्टी केलेली तणस किंवा सोयाबीनचे टरफल मिसळले की ओलावा ६० टक्क्यांच्या आसपास येतो. मिश्रण मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये. त्यात अर्धा किलो मीठ. २०० लिटरच्या प्लास्टिक ड्रममध्ये वीतभर थर टाकून पायाने दाबत भरायचे, वर प्लास्टिक, त्यावर वाळूची पोती. ४५ दिवसांनी उघडायचे. आंबूस-गोड वास आला तर जमले. दारूसारखा वास आणि हाताला गरम लागले तर हवा राहिली होती. उघडल्यानंतर रोज वरचा एक थर तरी संपला पाहिजे, म्हणून दोन-तीन हेले असणाऱ्याने खड्डा न करता ड्रमच वापरावा. सुरुवातीला सालीतल्या तेलाच्या कडवट वासाने जनावर तोंड फिरवते. आठवडाभर मूठ-मूठ वाढवत न्यावे.

ताजा संत्रा घालायचा तर चिरूनच. अर्धवट टणक, हिरवे, गळलेले फळ हेला न चावता गिळतो, ते अन्ननलिकेत अडकते आणि तासाभरात पोट नगाऱ्यासारखे फुगते. आणखी एक गोष्ट बागायतदारांना विभागानेच सांगायला हवी: फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचे नाही हे औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले असते. तोच नियम गळीच्या फळालाही लागू आहे. ज्या बागेतून माल उचलायचा, तिथल्या शेवटच्या फवारणीचे नाव आणि तारीख लिहून घेण्याची पद्धत पडावी. जिनिंगमधला कापसाचा कचरा आणि फवारलेल्या पऱ्हाटीचा (कपाशीच्या झाडाचा) पाला आम्ही मांसाच्या जनावराला घालत नाही, आणि इतरांनीही घालू नये असे आमचे मत आहे.

या जिल्ह्याचे एक भाग्य आहे, ते कोणी फारसे बोलत नाही. राईसमिलच्या कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम नगण्य. संत्र्याच्या चोथ्यात कॅल्शियम भरपूर आणि फॉस्फरस नगण्य. धानाचा पूर्व भाग आणि संत्र्याचा पश्चिम भाग एकाच गव्हाणीत आणला तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो. हे फक्त पुस्तकी नाही. नर जनावरांत मुतखडा होण्याचे मोठे कारण कोंडा आणि सरकी ढेपेचा (पेंडीचा) मारा हेच आहे. हेल्याची मूत्रनळी लांब आणि अरुंद. थंडीत तो पाणी कमी पितो, लघवी घट्ट होते आणि खडे अडकतात. तो कुंथतो, शेपूट हलवतो, थेंब-थेंब मुततो. मालकाला वाटते पोट दुखते आहे. दोन-तीन दिवसांत मूत्राशय फुटते. खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावे, मीठ टक्काभर तरी असावे आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी विहिरीचे ताजे, कोमट पाणी समोर ठेवावे. रात्रभर टाक्यात गारठलेले पाणी जनावर पीत नाही.

कोंड्याबद्दल आणखी थोडे. तेल न काढलेला कोंडा, ज्याला पॉलिश म्हणतात, दोन आठवड्यांत खवट होतो, त्याला साबणासारखा वास येतो. उन्हाळ्यात त्याआधीच. साठवायचा असेल तर तेल काढलेला घ्यावा. आणि कोंड्यात धानाचा भुसा दळून मिसळणे ही जुनी भेसळ आहे. प्रयोगशाळेत फ्लोरोग्लुसिनॉलचे द्रावण टाकले की भुसा लाल होतो, पाहणाऱ्याला लगेच दिसते. चुनीतली (डाळमिलमध्ये उरणाऱ्या डाळीच्या चुऱ्यातली) वाळू तर पाण्याच्या ग्लासात तळाशी बसते. ढेपेत किंवा चुनीत प्रथिनांचा आकडा फुगवायला युरिया घातला असेल, तर मूठभर नमुन्यात चमचाभर कच्च्या सोयाबीनचे पीठ आणि कोमट पाणी घालून वीस मिनिटे झाकून ठेवावे. झाकण काढल्यावर अमोनियाचा वास आला तर माल परत.

शेतकऱ्याने हे सगळे घरी करावे हे ठीक. पण अफ्लाटॉक्सिन ग्लासात दिसत नाही. पावसाळ्यात भिजलेली सरकी ढेप, ओलसर चुनी आणि भुईमुगाची ढेप हे त्याचे घर. भारतीय मानकाप्रमाणे पशुखाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ किलोला २० मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही. ते यकृत बिघडवते, वाढ खुंटवते आणि मांसातही त्याचे अवशेष राहू शकतात. पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आणि १९५८ पासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय याच शहरात आहे. त्यांच्या प्रयोगशाळांचा उपयोग घेऊन कळमना आणि तालुक्याच्या बाजारांत विकल्या जाणाऱ्या चुनी, ढेप आणि कोंड्याचे महिन्याला नमुने घ्यावेत. ओलावा, प्रथिने, वाळू आणि अफ्लाटॉक्सिन हे चार आकडे बाजाराच्या फलकावर भावाशेजारी लिहावेत, ही आमची पहिली मागणी. मग शेतकरी पोत्याचा भाव न पाहता प्रथिनांच्या किलोचा भाव पाहील. समजा एका चुनीत १८ टक्के प्रथिने आहेत आणि ती ढेपेपेक्षा क्विंटलला २०० रुपयांनी स्वस्त आहे. तरी ढेपेत २३ टक्के असतील तर स्वस्त कोण हे भागाकार केल्याशिवाय कळत नाही. आज तो भागाकार करायला आकडाच नाही.

आम्ही ज्या मिश्रणावर येऊन थांबलो आहोत ते असे, १०० किलोसाठी: तूर चुनी ३०, सरकी ढेप २५, तेल काढलेला कोंडा २५, मका भरडा १२, सोयाबीनची डीओसी (तेल काढलेली पेंड) ५, खनिज मिश्रण २, मीठ १. प्रथिने १८ टक्क्यांच्या जवळपास पडतात. १५० किलोच्या हेल्याला दिवसाला यातले दीड किलो, तणस दीड किलो, तुरीचे कुटार १ किलो आणि हिरवा चारा ३ किलो. २५० किलोच्या हेल्याला मिश्रण २ किलो, युरियाची तणस ३ किलो, संत्र्याचा मुरघास ३ किलो, कुटार १ किलो आणि हिरवे २ ते ३ किलो. हिरव्याला फाटा देऊ नये. वाळल्या चाऱ्यात जीवनसत्त्व अ नसते. महिनोन्महिने तणसावर असलेला हेला संध्याकाळी ठेचकाळू लागतो आणि मग आंधळा होतो. शेवग्याचा पाला चालतो. सुबाभूळ चालते, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी, तिच्यातल्या मिमोसिनमुळे केस गळतात.

उन्हाळ्यात हे वेळापत्रक उलटे करावे लागते. म्हशीच्या अंगावर घामाच्या ग्रंथी कमी आणि कातडी काळी. ४५ अंशांत दुपारी ती खात नाही, बळेच टाकलेला चारा पायाखाली जातो. चाऱ्याचा दोन-तृतीयांश भाग सूर्य मावळल्यावर आणि पहाटे घालावा, डुंबायला पाणी नसेल तर दिवसातून तीन-चारदा अंगावर मारावे.

बाजारातल्या भाजीच्या कचऱ्यावरही पुष्कळ हेले जगतात. वाटाण्याची टरफले उत्तम, फ्लॉवरचा पाला चांगला. सडके कांदे टोपलीभर घातले की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी लाल होते. लग्नसराईत उरलेला भात हा सगळ्यांत मोठा घातकी. एका रात्रीत पोटात आम्ल होते आणि सकाळी जनावर उठत नाही. कोंबड्यांच्या शेडमधली लिद काही ठिकाणी खुराकात मिसळतात. त्यात मेलेल्या पक्ष्यांचे अवशेष असतील तर बोटुलिझम होतो, म्हणून ती नकोच. मांस आणि हाडांचे पीठ असलेले खाद्य दूध-मांसाच्या रवंथ करणाऱ्या जनावरांना घालण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मनाई आहे, आणि ही गोष्ट आमच्या कितीतरी बांधवांना माहीत नाही.

या सगळ्याच्या आधी रेडकू जगले पाहिजे. जन्मल्यावर पहिल्या दोन तासांत चीक, चोवीस तासांत वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा. म्हैसवर्गाच्या पिल्लांना आईच्या दुधातूनच टोक्सोकारा जंत येतो. मातकट, दुर्गंधीची हगवण लागते आणि महिन्याच्या आत पिल्लू जाते. दहाव्या ते सोळाव्या दिवसात पशुवैद्यकाने ठरवलेल्या मात्रेत पिपरॅझिनचा एक डोस दिला तर ते वाचते. औषध स्वस्त आहे, चुकतो तो दिवस. कृत्रिम रेतनाची नोंद दवाखान्यात असतेच, तिच्यात दहा महिने दहा दिवस मिळवले की विण्याची तारीख निघते. त्या तारखेवरून बाराव्या दिवशी फोन जावा, रेडकू असो की वगार. ही दुसरी मागणी. दोन महिने दूध किंवा दुधाला पर्यायी भुकटी, तिसऱ्या आठवड्यापासून मूठभर बारीक खुराक आणि कोवळे गवत. सरकी ढेप चार महिन्यांच्या आत नाही, तिच्यातले गॉसिपॉल लहान पिल्लाला झेपत नाही.

तिसरी मागणी धानाच्या आणि संत्र्याच्या तालुक्यांसाठी. कडबाकुट्टीच्या जोडीने जाड प्लास्टिक, मुरघासाचे ड्रम आणि तणसाच्या गाठी बांधणारे यंत्र अनुदानात यावे. प्रात्यक्षिक उशिरात उशिरा कापणीच्या आठवड्यात, शेतातच व्हावे. जानेवारीतल्या मेळाव्यापर्यंत तणस पेटलेली किंवा भिजलेली असते.

चौथी मागणी बाजारातल्या वजनाची. हेला आजही नजरेने, अंदाजाने विकला जातो. जो नीट चारतो त्याला जास्तीच्या चाळीस किलोचे पैसे मिळत नाहीत, मग तो पुढच्या वेळी का चारेल? प्रत्येक गुरांच्या बाजारात जनावराचा तोलकाटा हवा. तो येईपर्यंत फीत तरी हवी. छातीचा घेर इंचांत, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत, भागिले ६६०: वजन किलोत येते. घेर ६० आणि लांबी ४८ असेल तर सुमारे २६२ किलो. हा हिशेब बाजाराच्या फाटकावर रंगवून ठेवायला खर्च नाही. महिन्यातून एकदा फीत लावणाऱ्याला खुराक लागू पडतो की नाही तेही कळते. महिन्यात १५ किलो वाढ दिसली नाही तर चूक शोधायची: आधी जंत, मग पाणी, मग मिश्रणातली प्रथिने.

विकत घेतलेल्या हेल्याला बाजारातून गोठ्यात आणताना १९७८ च्या वाहतूक नियमांप्रमाणे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र लागते. ते बाजाराच्या दिवशी, बाजारातच मिळण्याची सोय व्हावी. कागद नसलेली गाडी अडली की जनावरे दिवसभर उन्हात उभी राहतात.

डाळमिल आणि राईसमिल चालकांना वेगळी विनंती. चुनी आणि कोंडा पोत्यात भरताना ओलावा ११-१२ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, पोती भिंतीपासून हातभर आणि जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर ठेवा, आणि पोत्यावर भरल्याची तारीख घाला. तुमच्याकडे जो कचरा म्हणून मोजला जातो, तो आमच्याकडे खुराकाचा अर्धा खर्च आहे.

सोयाबीन ऑक्टोबरात हडंब्याला लागेल आणि धानाची कापणी त्याच्या पाठोपाठ. सप्टेंबरअखेर विभागाने मौदा, रामटेक, काटोल आणि उमरेड अशा चार ठिकाणी प्रत्येकी एक ढीग आणि दहा ड्रम लावावेत. तणस, कुटार आणि मनुष्यबळ आमचे. युरियाच्या गोण्या, प्लास्टिक आणि उघडण्याच्या दिवशी नमुना तपासायला एक माणूस विभागाने द्यावा. जागा आणि शेतकऱ्यांची यादी आम्ही तयार ठेवली आहे.

आपले,
नागपूर जिल्ह्यातील रेडकू-हेले पाळणारे शेतकरी